तणांचा इतिहास

राजवंशांचे उदयास्त, लढाया, तह आणि सनदा यांनीं आमच्या इतिहासग्रंथांचीं पानें भरलेलीं असतात. ज्या जमिनीच्या वसुलावर हे राजवंश पोसले गेले, त्या जमिनींत दर पावसाळ्यास कोणता झगडा चाले, याची वार्ता मात्र त्या ग्रंथांत क्वचितच सांपडते. हा झगडा पीक आणि तण यांचा. त्याला सेनापति नाहीं, जयस्तंभ नाहीं, आणि तहाचा कागद तर कधींच झालेला नाहीं. तथापि शेतकऱ्याच्या घरांत वर्षभर चूल पेटणार कीं नाहीं, हें पुष्कळ वेळां या झगड्याच्या निकालावर ठरत आलेलें आहे. म्हणून त्याचा इतिहास लिहिण्याचा प्रयत्न अस्थानीं होणार नाहीं, असें वाटतें.

असा इतिहास पाहण्यास एखादें ठिकाण नजरेसमोर असलेलें बरें. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांतील जानेफळ हें गांव आपण त्यासाठीं घेऊं. घाटावरच्या वऱ्हाडांतील हा मुलूख. काळी जमीन, मृगाच्या पावसाकडे डोळे लावून होणारी खरिपाची पेर, आणि विहिरीला पाणी असेल तेथें कांदा, वांगीं, मिरची यांचे मळे, असें या भागाच्या शेतीचें सामान्य रूप आहे. अकबराच्या काळीं मेहकर हें वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें ठिकाण होतें. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. १९०३ सालीं तें मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलें गेलें. १९५६ मध्यें तें द्वैभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आलें. इतकीं राज्यें पालटलीं. परंतु पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत शिवारावर जो हिरवा रंग चढतो त्यांत पेरलेलें किती आणि न पेरलेलें किती, हा प्रश्न प्रत्येक राज्यांत तोच राहिला.

आतां तण म्हणजे काय, याचा प्रथम विचार केला पाहिजे. वनस्पतिशास्त्रांत तण नांवाचें कोणतेंही कुल नाहीं. जी वनस्पति मनुष्याला नको त्या जागीं व नको त्या वेळीं उगवते तिला तो तण म्हणतो. कापसांत उगवलेला तांदुळजा निंदून टाकण्याजोगा असतो, पण तोच सायंकाळीं निवडून चुलीवर चढला म्हणजे भाजी होतो. घोळ, कुंजीर, केना, पाथरी यांची हीच कथा. ज्या लव्हाळ्यानें बागायतदाराला जेरीस आणलें त्याच्याच गांठी नागरमोथा या नांवानें काष्ठौषधींच्या दुकानीं विकत मिळतात, आणि दिवाळीच्या उटण्यांत त्यांचा सुवास दरवळतो. तेव्हां तण हा शब्द वनस्पतीच्या स्वभावापेक्षां मनुष्याच्या गरजेचें वर्णन अधिक करतो. गरज पालटली कीं तणांची यादीही पालटते. आणि जी वस्तु काळाप्रमाणें पालटते तिला इतिहास असतो, हें सांगणें नकोच.

या इतिहासाचें पहिलें प्रकरण अर्थातच प्राचीन आहे. ‘कृषिपराशर’ या संस्कृत ग्रंथांत निंदणीचा स्वतंत्र विचार केलेला आहे. उगवलेलें धान्य निस्तृण केलें नाहीं तर तें भरत नाहीं, हा त्याचा आशय. आमच्या काळ्या जमिनींत हा नियम पाळण्यासाठीं शेतकऱ्यानें जी हत्यारांची मालिका सिद्ध केली ती विचार करण्यासारखी आहे. उन्हाळ्यांत वखराची रुंद पास जमिनीच्या वरच्या थराखालून फिरते, जुनीं मुळें कापते आणि तीं उन्हांत वाळवते. पहिल्या पावसानें तणाचें बीं उगवून आलें कीं पुन्हां वखर चालतो, आणि पेरणीपूर्वींच शत्रूची एक फळी कामास येते. मग तिफण. तिफणीच्या फणांमधील अंतर ठरलेलें असल्यानें पीक सरळ तासांत उगवतें, आणि तासें सरळ असल्यामुळेंच पुढें त्यांच्यामधून डवरा चालूं शकतो. डवऱ्याची पास तासांच्या मधलें तण कापते. झाडाच्या अगदीं बुडाशीं उरलेलें तण खुरप्यानें निघतें. वखर, तिफण, डवरा आणि खुरपें या चार हत्यारांपैकीं एक काढून घेतलें तर बाकीच्यांचें काम अडतें. अशी व्यवस्था एका दिवसांत किंवा एका बुद्धिमंताच्या डोक्यांतून निघालेली नसते. ती अनेक पिढ्यांच्या अनुभवाची कमाई असते.

या व्यवस्थेची किंमत परक्यांनाही कळली होती. इंग्लंडांत बियांची सरळ रांगेंत पेरणी करावी आणि रांगांमधून घोड्याकडून कुळव ओढवावा, असा आग्रह जेथ्रो टल यानें धरला, तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत. त्याचा प्रसिद्ध ग्रंथ १७३३ सालचा. त्याच्या देशबांधवांना तो विचार पचावयास बराच काळ लागला. इकडे दक्षिणेंत तिफण आणि कुळवडवरे ही शेतकऱ्याची नित्याची सामग्री होती. पुढें १८८९ च्या अखेरीस डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हा रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास आला आणि वर्षभर देशांत हिंडला. १८९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालांत हिंदी शेतकऱ्याला नवें शिकविण्यापूर्वीं त्याच्याकडून शिकावें असा सूर जागोजाग आढळतो. शेत तणापासून स्वच्छ राखण्याच्या बाबतींत तर त्यानें येथील कुणब्याची मुक्तकंठानें तारीफ केली आहे. राज्यकर्त्यांनीं नेमलेल्या माणसाची ही साक्ष असल्यानें तिचें मोल अधिक.

परंतु स्वदेशाभिमानाच्या भरांत जुन्या व्यवस्थेच्या मर्यादा विसरून चालणार नाहीं. बियांपासून उगवणाऱ्या वर्षायु तणांवर डवरा व खुरपें पुरें पडे; पण ज्या तणांचा जीव जमिनीच्या पोटांत असतो त्यांच्यापुढें हीं हत्यारें थिटीं पडत. हरळी, कुंदा आणि लव्हाळा हीं त्यांतलीं तीन प्रमुख. हरळीचें एकेक पेर जमिनींत राहिलें तरी त्यापासून नवी हरळी होते. कुंद्याचीं मुळें काळ्या जमिनींत इतकीं खोल जातात कीं वखराची पास त्यांच्या डोक्यावरून निघून जाते. अशा शेताला जुना लाकडी नांगरही नीट पुरत नसे, आणि कुंद्यानें व्यापलेलें रान पुष्कळदां पडीक टाकण्याची पाळी येई. लोखंडी नांगराचें महत्त्व या ठिकाणीं समजतें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आपला लोखंडी नांगर १९०३ सालीं बेळगांवास तयार केला, आणि १९१० सालीं त्यांचा कारखाना पुढें किर्लोस्करवाडी या नांवानें प्रसिद्ध झालेल्या जागीं उभा राहिला. लोखंडानें जमीन नासते या समजुतीमुळें हा नांगर खपावयास आरंभीं फार प्रयास पडले. ती समजूत ज्या कारणांनीं मागें सरली त्यांत, हरळी आणि कुंदा मुळापासून उलथून उन्हांत टाकण्याची या नांगराची शक्ति, हें एक मोठें कारण होतें.

राहिला लव्हाळा. त्यानें मात्र नांगरालाही दाद दिली नाहीं, आणि त्याच्यामुळेंच आपल्याकडे तणाच्या शास्त्रीय संशोधनाचा एक मानाचा पाया घातला गेला. १९२५ सालीं हिंदुस्थान सरकारच्या शेतकी खात्याच्या वनस्पतिशास्त्रविषयक ग्रंथमालेंत एस. बी. रानडे आणि विल्यम बर्न्स यांचा जवळजवळ शंभर पृष्ठांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. विषय एवढाच, कीं लव्हाळ्याचें उच्चाटन कसें करावें. बर्न्स हे मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यांतील वनस्पतिशास्त्रज्ञ. शुद्ध आणि उपयुक्त अशा दोन्ही अंगांनीं केलेला वनस्पतिशास्त्राचा अभ्यास, असें या प्रबंधाचें उपशीर्षक होतें. एका क्षुद्र गवतासाठीं एवढा खटाटोप कशाला, असें त्या वेळीं कोणास वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु पुढें १९७७ सालीं लीरॉय होम आणि त्याचे सहकारी यांनीं जगांतील अत्यंत उपद्रवी तणांवर ग्रंथ लिहिला, तेव्हां पहिलें स्थान त्यांनीं लव्हाळ्यालाच दिलें. ५२ पिकांत आणि ९२ देशांत त्याचा उपद्रव त्यांनीं नोंदविला. पुण्याच्या अभ्यासकांनीं शत्रु ओळखण्यांत चूक केली नव्हती.

लव्हाळा इतका चिवट कां, हें समजून घेण्याजोगें आहे. त्याच्या गांठी जमिनींत एकीला एक जोडलेल्या माळेसारख्या असतात. माळेच्या टोंकाची गांठ उगवते आणि बाकीच्यांना निद्रिस्त ठेवते. शेतकरी नांगर घालतो तेव्हां माळ तुटते, आणि तुटतांच निजलेली प्रत्येक गांठ स्वतंत्रपणें जागी होते. म्हणजे एकदां नांगरून थांबणें हें लव्हाळ्याला आमंत्रण देण्यासारखें आहे. उलट नांगरट पुनःपुन्हां झाली तर प्रत्येक नव्या कोंबाबरोबर गांठीची शिदोरी संपत जाते. अमेरिकेच्या अलाबामा संस्थानांत १९३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दर तीन आठवड्यांनीं अशी दोन हंगाम नांगरट केल्यावर लव्हाळा नाहींसा झाला. उपाय खरा, पण दोन हंगाम शेत रिकामें ठेवणें ज्याला परवडेल त्याच्यासाठीं. विहिरीच्या पाण्यावर अर्धा एकर कांदा लावणाऱ्या माणसाला हा उपाय सांगणें म्हणजे भुकेल्याला उपासाचें माहात्म्य सांगण्यासारखें आहे. या गवताचें एक मर्म मात्र सर्वांच्या उपयोगाचें आहे. त्याला सावली सोसत नाहीं. ज्या पिकाचीं पानें लवकर पसरून जमीन झांकतात त्या पिकांत तें मागें पडतें.

आणि येथेंच भाजीपाल्याचा प्रश्न इतर शेतीहून वेगळा होतो. कांद्याचेंच उदाहरण घ्या. कांद्याचीं पानें नळीसारखीं आणि उभीं. तीं जमिनीवर सावली धरीत नाहींत. रोप प्रथम फार सावकाश वाढतें. दोन रोपांमधलें अंतर चार-सहा बोटांचें, त्यामुळें डवऱ्याला वाट नाहीं. मुळें उथळ, म्हणून खुरपें जरा खोल गेलें तरी इजा. वर दर आठ-दहा दिवसांनीं पाणी आणि मुबलक खत, ज्यांचा पहिला लाभ तणच घेतें. सारांश, काळ्या जमिनीच्या जिराईत शेतीसाठीं शेकडों वर्षांत सिद्ध झालेल्या चार हत्यारांपैकीं तीन येथें निकामीं ठरतात आणि एकटें खुरपें उरतें. बुलढाणा जिल्ह्यांत कांद्याच्या बियाण्याचें पीकही घेतलें जातें. तेथें आणखी एक अडचण येते. १९६६ च्या बियाणे कायद्यानंतर प्रमाणित बियाण्यांत तणाचें बीं किती असावें यालाही मर्यादा आल्या, तेव्हां तण राहिलें तर उत्पन्नाबरोबर मालाची प्रतही बुडते.

वांगीं व टोमॅटो यांच्या मळ्यांत याहून विलक्षण शत्रु गांठ घालतो. त्याचें नांव बंबाखू. याला हिरवें पान नसतें. त्याचें धुळीसारखें बारीक बीं जमिनींत कित्येक वर्षें निपचित पडून राहतें, आणि वांगें, टोमॅटो किंवा तंबाखू यांच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याचा वास लागला म्हणजेच उगवून त्या मुळाला चिकटतें. जमिनीवर त्याचा तुरा दिसतो तेव्हां चोरी होऊन गेलेली असते. मग खुरपें चालवून काय उपयोग? ज्वारीवरचा टारफुला हा याच पंथांतला. टारफुल्याच्या बियांना जागें करणारें द्रव्य अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९६६ सालीं प्रथम शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें, आणि गंमत अशी कीं तें निघालें कपाशीच्या मुळांतून. कपाशीवर टारफुला जगूं शकत नाहीं. म्हणजे कपाशीचें शेत टारफुल्याच्या बियांना खोटी हांक मारतें. तें बीं उगवतें आणि उपाशी मरतें. वऱ्हाडांत कापूस आणि ज्वारी यांची फेरपालट पिढ्यानुपिढ्या चालत आली. ती पाळणाऱ्या शेतकऱ्याला या द्रव्याचें नांव ठाऊक नव्हतें, पण त्याचा लाभ तो घेत होता. रसायनशाळेनें त्याच्या रूढीचें कारण मागाहून सांगितलें.

आतांपर्यंत घरच्या शत्रूंचें वर्णन झालें. कांहीं शत्रु समुद्रापलीकडून आले. निवडुंगाची कथा त्यांत सर्वांत जुनी. किरमिजी रंग देणारा किडा म्हणून १७९५ सालीं ब्राझीलहून कलकत्त्यास एक किडा आणविण्यांत आला. तो खऱ्या किरमिजी किड्याचा भाऊबंद निघाला, रंगाचा धंदा फसला; पण त्यानें निवडुंगाच्या एका जातीचा असा फडशा पाडला कीं किड्याकडून तण मारविण्याचें जगांतील पहिलें उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ त्याचा उल्लेख करतात. पुढें १९२६ च्या सुमारास निवडुंगाच्या दुसऱ्या जातीसाठीं सिंहलद्वीपांतून दुसरा किडा आणला गेला, आणि शेतांच्या कडेचीं निवडुंगाचीं रानें त्यानें ओस पाडलीं.

दुसरी कथा गाजर गवताची. १९५१ सालीं पुण्यांत हें गवत दृष्टीस पडलें, आणि १९५६ सालीं त्याची शास्त्रीय नोंद छापली गेली. आज जानेफळच्याच काय, महाराष्ट्रांतील कोणत्याही गांवाच्या वाटेवर तें उभें आहे. त्याच्या स्पर्शानें कातडीला खाज सुटते आणि परागानें अनेकांस दमा जडतो. अमेरिकेच्या ‘पी. एल. ४८०’ गव्हाबरोबर हें गवत आलें, असें लोक निःशंकपणें सांगतात; काँग्रेस गवत हें नांवही त्या काळाच्या राजकारणाची आठवण देतें. परंतु तो अमेरिकन कायदा १९५४ चा आहे, आणि पुण्यांतील गवत १९५१ चें. लोकस्मृति घटना विसरत नाहीं, पण साल विसरते, याचें हें चांगलें उदाहरण होय. या गवतावरही किडा सोडण्यांत आला: मेक्सिकोंतून १९८३ सालीं आणलेला एक भुंगेरा १९८४ सालीं बंगळूरच्या परिसरांत प्रथम सोडला गेला. पावसाळ्यांत तो गवताचीं पानें फस्त करतो, पण निवडुंगासारखा निर्णायक विजय मात्र त्याला मिळालेला नाहीं.

औषधांचें प्रकरण विसाव्या शतकांत उघडलें. हिंदुस्थानांत रासायनिक तणनाशकाचा पहिला प्रयोग १९३७ सालीं पंजाबांत रानटी करडईवर सोडियम आर्सेनाइट वापरून झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ‘टू-फोर-डी’ हें द्रव्य निघालें, आणि १९४६ सालीं त्याची परीक्षा आपल्याकडे झाली. या द्रव्याचा गुण असा कीं रुंद पानांच्या वनस्पति त्यानें मरतात आणि गवताच्या कुळांतील पिकें वांचतात. १९५२ सालीं भारतीय कृषि संशोधन परिषदेनें निरनिराळ्या राज्यांत तणनाशकांच्या परीक्षा सुरू केल्या, त्या भात, गहूं व ऊंस या पिकांवर. हीं तिन्हीं पिकें गवताच्या कुळांतलीं, क्षेत्रानें मोठीं आणि सरकारच्या चिंतेचीं. भाजीपाला या यादींत नव्हता. १९७८ सालीं तण-नियंत्रणाची अखिल भारतीय समन्वित योजना निघाली. १९८९ सालीं जबलपूरला तणविज्ञानाचें राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झालें. विदर्भासाठीं अकोल्याचें कृषि विद्यापीठ १९६९ पासून उभें होतेंच. क्रमानें कांद्यासाठीं पेंडीमिथॅलिन आणि ऑक्सिफ्लुओरफेन हीं औषधें आलीं, आणि पुनर्लावणीच्या सुमारास एक फवारणी व नंतर एक खुरपणी असा संयुक्त मार्ग शिफारशींत रूढ झाला.

भाजीपाला इतक्या मागाहून कां आला? याचीं कारणें दोन. पहिलें व्यापाराचें. ज्या पिकाखालीं कोट्यवधि एकर जमीन आहे त्यासाठीं औषध शोधणें कारखानदाराला किफायतशीर; मेथी, कोथिंबीर, पानमळा किंवा अंजनगांवची पानपिंपळी यांच्यासाठीं तेवढाच खर्च कोण करणार? अमेरिकेंतही किरकोळ पिकांची हीच तक्रार फार जुनी आहे. दुसरें कारण शेताच्या रचनेचें. औषधाला एकजिनसी शेत लागतें. वऱ्हाडांतील जुन्या शेतांत मात्र ज्वारी, तूर, मूग, अंबाडी शेजारी-शेजारी असत, आणि मळ्यांत तर दहा वाफ्यांत दहा भाज्या. एकीला जें औषध मानवतें तें दुसरीचा घात करतें. सोयाबीनवर मारलेल्या कांहीं औषधांचा अंश जमिनींत राहून पुढच्या पिकाला बाधतो, हा अनुभवही नंतर आला. म्हणून औषधानें तण मारलें, त्याचबरोबर मिश्र पिकाच्या जुन्या पद्धतीलाही त्यानें मागें ढकललें.

याच सुमारास एका विचारानें मात्र संशोधनाला खरी दिशा दिली. मेक्सिकोंतील निएतो आणि त्याचे सहकारी यांनीं १९६८ सालीं असें मांडलें कीं पीक जन्मभर निस्तृण ठेवण्याची आवश्यकता नाहीं. त्याच्या आयुष्यांतील एक ठराविक आणीबाणीचा काळ असतो, तेवढा सांभाळला कीं पुढें उगवणारें तण फारसें नुकसान करीत नाहीं. आमच्या शेतकऱ्याला हें अगदींच नवें नव्हतें. पहिलें निंदण चुकलें तर दुसरें व्यर्थ, हा त्याचा अनुभव. पण आतां त्या अनुभवाला दिवसांचें माप मिळालें. कांद्यासारख्या मंद वाढीच्या पिकांत हा काळ लांबतो, आणि म्हणूनच त्यांत निंदणाचा खर्च सर्वांत जड जातो.

निंदणाचा खर्च हा शब्द आपण सहज वापरतों. तो खर्च ज्या हातांना मिळतो त्यांच्याविषयीं आतां लिहिलें पाहिजे. वखर, तिफण आणि डवरा यांना बैल जुंपतात, आणि हीं हत्यारें पुरुष चालवतो. खुरपें स्त्रीच्या हातीं असतें. आषाढ-श्रावणांत पाठीवर पोतें पांघरून, चिखलांत उकिडवें बसून, तासाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सरकत जाणाऱ्या बायांची ओळ ज्यानें पाहिली नाहीं असा वऱ्हाडी माणूस विरळा. व्होल्करानें ज्या स्वच्छ शेतांची वाखाणणी केली ती स्वच्छता पुष्कळ अंशीं या ओळीची होती. परंतु श्रेय शेतकऱ्याला मिळालें, आणि शेतकरी हा शब्द व्याकरणांत पुल्लिंगी आहे. समान कामास समान वेतन देण्याचा कायदा १९७६ सालीं झाला. पण निंदण हें काम मुळांतच बायकांचें ठरून गेलेलें असल्यामुळें वेतनाची तुलना करण्यास त्या ओळींत पुरुषच सांपडत नाहीं. अशा ठिकाणीं कायदा न मोडतांही निष्फळ होतो.

ही ओळ केवळ मजुरी नेत नसे. ओट्यांतून तांदुळजा आणि कुंजीर घरीं जाई, भाऱ्यांतून शेळीचा चारा जाई. कोणतें तण कोणत्या नक्षत्रावर उगवतें, कोणाचें बीं पडण्यापूर्वीं तें उपटलें पाहिजे, कोणतें खाण्याचें आणि कोणतें टाकण्याचें, हें ज्ञान त्या ओळींत सासूकडून सुनेकडे चाले. औषधाचा फवारा हें सर्व एका सकाळीं करतो, असें म्हणतात. वस्तुतः तो त्यांतलें एकच काम करतो. मजुरी, भाजी, चारा आणि ज्ञान या चारही गोष्टी त्याच्या हिशेबांत नसतात.

तथापि याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती दृष्टीआड करणें हा अन्याय होईल. निंदण हें सुखाचें काम नव्हे. कंबर आणि गुडघे यांची झीज करणारें तें काम आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया संस्थानांत भाजीपाल्याच्या शेतांवर मेक्सिकन मजुरांना आंखूड दांड्याचें खुरपें वापरावें लागे. दिवसभर वांकून काम केल्यानें त्यांच्या पाठी कायमच्या अधू होत. मळेवाल्यांचें म्हणणें असें कीं लांब दांड्यानें पीक बिघडतें. मजुरांनीं न्यायालयांत दाद मागितली, आणि १९७५ सालीं त्या हत्याराला तेथें बंदी झाली. पीक बिघडलें नाहीं. मजुरांच्या पाठी वांचल्या. आपल्याकडे उभ्यानें ढकलण्याचें सायकल कोळपें निघालें आहे. परंतु बाईच्या कंबरेच्या दुखण्याचा प्रश्न आपल्याकडे न्यायालयांत तर गेला नाहींच, प्रयोगाच्या तक्त्यांतही क्वचितच शिरला. औषधाच्या विरुद्ध बोलतांना या वेदनेला जुन्या संस्कृतीचें भूषण समजण्याचा मोह टाळला पाहिजे.

शिवाय आज ऐन हंगामांत निंदणाला माणूस मिळत नाहीं, ही शेतकऱ्याची हांक खोटी नाहीं. सर्व शेतांचें निंदण एकाच पंधरवड्यांत येतें. पावसाची झड लागली कीं वाफसा मिळत नाहीं. आणि झड उघडेपर्यंत तण गुडघ्याला लागतें. या अडचणींतूनच १० जून २०१९ रोजीं अकोला जिल्ह्यांतील अकोली जहांगीर येथें शेतकऱ्यांनीं जाहीरपणें, कायद्याची परवानगी नसलेलें तणनाशक-सहिष्णु कपाशीचें बियाणें पेरलें. पुढें २०२२ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें आरोग्याच्या धोक्याचें कारण देऊन ग्लायफोसेट या औषधाच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली. एकीकडे शेतकरी औषधासाठीं कायदा मोडतो, दुसरीकडे सरकार औषधाला कायद्यानें आवरतें. दोघांच्याही मागें खरें दुखणें आहे. आणि ज्या बाईच्या हातांतलें खुरपें या वादाच्या मुळाशीं आहे तिला दोघांनींही विचारलेलें नाहीं.

या दीर्घ कथेंतून इतिहासाच्या अभ्यासकाला काय मिळतें? प्रथम हें, कीं तणावर आजपर्यंत कोणत्याही एका उपायानें कायमचा जय मिळविलेला नाहीं. निवडुंगावरचा किडा हा अपवाद. बाकी सर्वत्र वखरानें, फेरपालटीनें, सावलीनें, खुरप्यानें आणि अलीकडे औषधानें, अशा अनेकांच्या मदतीनें काम निभावलें आहे. एकाच औषधावर भिस्त ठेवली कीं त्याला न जुमानणारें तण पुढें येतें, हें आतां जगभर दिसून आलें आहे. दुसरें हें, कीं संशोधन बहुधा मोठ्या पिकाच्या आणि मोठ्या शेताच्या मागें गेलें. लहान वाफा, मिश्र पीक आणि भाजीचा मळा यांच्या वांट्याला तें उशिरा व थोडें आलें. रानडे आणि बर्न्स यांनीं एका गवताच्या मुळाशीं बसून जो अभ्यास केला, तसा बंबाखूचा, केन्याचा आणि कांद्याच्या वाफ्यांतील निंदणाचा अभ्यास जानेफळसारख्या गांवीं, तेथल्याच जमिनींत, व्हावयास पाहिजे.

आणि तो होईल तेव्हां त्याच्या तक्त्यांत उत्पन्नाच्या क्विंटलांशेजारीं आणखी कांहीं रकाने असावेत. बाईला किती दिवसांची मजुरी मिळाली, ती किती तास वांकून होती, तिच्या ओट्यांतून घरीं किती भाजी गेली, आणि औषध मारलें असल्यास तें कोणीं, उघड्या हातांनीं कीं झांकलेल्या, मारलें, हें त्यांत लिहिलेलें असावें. असा तक्ता मांडणें प्रयोगशाळेला कठीण नाहीं. कांद्याच्या वाफ्यांत पहिलें निंदण सुरू होतें त्या सकाळीं वही घेऊन बांधावर बसावें लागेल, आणि ओळीबरोबर शेताच्या दुसऱ्या टोंकापर्यंत सरकत जावें लागेल, एवढेंच.